या चुका टाळा : आयईएलटीएसच्या लिसनिंग-रीडिंगमध्ये मार्क गळतात कुठे?

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या साखळी गावची एक मुलगी माझ्याकडे आली. बी. कॉम.चं शेवटचं वर्ष, पुढे आयर्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चाललेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत चौदा सराव परीक्षांचे कागद. लिसनिंगमध्ये ४० पैकी कधी २३, कधी २५. चौदा पेपरांत काटा जागचा हललेला नाही. तिचा प्रश्न एकच होता, "टीचर, आता कुठलं पुस्तक घेऊ?"

मी म्हटलं, पुस्तक राहू दे, लाल पेन काढ.

शेवटचा पेपर घेतला. २४ बरोबर, १६ चूक. रेकॉर्डिंग पुन्हा लावून एकेक चूक तपासली, तेव्हा कळलं की त्या सोळांतल्या सहा जागी तिने शब्द अगदी नीट ऐकला होता. दोन स्पेलिंगमध्ये गेले, दोन ठिकाणी शेवटचा 'एस' राहिला, एका उत्तरात दोनच्या जागी तीन शब्द झाले आणि एक उत्तर बाराव्याऐवजी तेराव्या रकान्यात पडलं. २४ आणि ६ मिळून ३०. लिसनिंगमध्ये साधारण २३ बरोबर आले की ६ बँड (या परीक्षेतली श्रेणी) मिळतो आणि ३० आले की ७. अकॅडमिक रीडिंगलाही जवळपास हाच हिशेब आहे. पेपर सोपा-कठीण असेल तसा एखाद्या मार्काचा फरक पडतो. म्हणजे मुलगी सातच्या उंबरठ्यावर उभी होती आणि पंधराव्या पेपराच्या मागे लागली होती.

सगळ्यांत मोठी चूक हीच. पेपरावर पेपर सोडवत जायचं, मार्क मोजायचे आणि कागद पिशवीत टाकायचे. आठवड्याला एकच पेपर सोडवा, पण तो शिवणीपासून उसवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द माहीतच नव्हता, माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही, ऐकला पण लिहिताना घोटाळा झाला, की लक्ष दुसरीकडे गेलं. तीन पेपर असे उसवले की आपली गळती कुठे आहे ते दिसतं. प्रत्येकाची वेगळी असते.

ऐकलं बरोबर, लिहिलं चूक

आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत शिकलेली. देवनागरीची सवय अशी की जसं बोललं तसं लिहिलं. ती सवय इंग्रजी स्पेलिंगमध्ये आडवी येते. फेब्रुवारीतला पहिला 'आर', गव्हर्नमेंटमधला 'एन', वेन्सडेमधला 'डी' ही अक्षरं कानाला नीट लागतच नाहीत, मग कागदावर कुठून येणार? अकॉमोडेशनमध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम', हे तर मी स्वप्नातही सांगत असेन. लिसनिंगमध्ये चुकलेल्या स्पेलिंगला अर्धा मार्क नसतो, उत्तर सरळ चूक धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात. त्याची काळजी नको.

'एस'चं दुखणं वेगळं. 'टू टिकेट्स' भरभर बोललं की तो 'एस' पुढच्या शब्दात विरघळतो. तिथे कानावर विसंबू नका, वाक्याचं व्याकरण बघा. रिकाम्या जागेआधी 'अ' किंवा 'ॲन' असेल तर एकवचन, 'मेनी' किंवा 'सेव्हरल' असेल तर अनेकवचन. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला जी थोडी सेकंदं मिळतात ती यासाठीच आहेत. त्या वेळात मुलं काय करतात? पेन्सिलीला टोक काढतात, नाहीतर आधीच्या भागातलं उत्तर खोडत बसतात.

शब्दमर्यादेचं लिहून लिहून कंटाळा आला, तरी लिहिते. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं छापलं असेल तर 'द लोकल मार्केट' हे उत्तर चूक. 'द' हाही शब्दच. आणि ही सूचना एकाच पेपरात बदलते; पहिल्या भागात दोन शब्द, तिसऱ्यात एकच. दर वेळी वाचा.

आकड्यांचा घोळ मात्र खास आपला. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर. कोंकणीतही तेच. 'ट्वेंटी-फाइव्ह' ऐकायचं, मनात 'पंचवीस' म्हणायचं आणि घाईत ५२ लिहायचं, हे मी चांगल्या-चांगल्या मुलांचं बघितलंय. उपाय साधा आहे, आकडा मनात मराठीत आणायचाच नाही, कानातून थेट बोटात. बसस्टँडवर कदंबच्या बसची वाट बघताना येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर एकाने इंग्रजीत वाचायचे आणि दुसऱ्याने न बघता लिहायचे. पंधरा दिवसांत फरक पडतो. फोन नंबरात शून्याला 'ओ' आणि सत्याहत्तरला 'डबल सेव्हन' म्हणतात, तेही त्यात घाला. थर्टीन आणि थर्टीमध्ये शेवटच्या 'न'वर जाऊ नका, जोर कुठे आहे ते ऐका. थर्टीनमध्ये जोर बहुधा 'टीन'वर पडतो, थर्टीमध्ये तो 'थर'वर असतो.

आणखी एक. आपल्या 'व'मध्ये इंग्रजीची दोन अक्षरं राहतात. पहिल्या भागात कुणीतरी आपलं आडनाव नाहीतर रस्त्याचं नाव एकेक अक्षर करून सांगतं. तिथे 'व्ही' आणि 'डब्ल्यू', 'जी' आणि 'जे', 'ए' आणि 'ई' यांत गडबड झाली की हातातला मार्क गेला. हे भाग सोपे म्हणून मुलं गाफील राहतात; कठीण भागात जातात त्यापेक्षा जास्त मार्क मी सोप्या भागात गेलेले पाहिलेत.

पहिलं उत्तर ऐकलं की टिपायची घाई

"आपण मंगळवारी भेटू… थांब, मंगळवारी माझा क्लास आहे, गुरुवारी चालेल?" लिसनिंगमधला बोलणारा असाच बोलतो. तुम्ही मंगळवार लिहून मोकळे होता आणि पुढचं वाक्य कानाआड जातं. म्हणून वाक्य संपेपर्यंत हात राखून ठेवायचा. 'बट', 'ॲक्च्युअली', 'सॉरी' हे शब्द आले की समजा, आता गाडी वळणार.

पर्यायांच्या प्रश्नात उलटी गंमत असते. पर्यायात छापलेला शब्द जसाच्या तसा ऐकू आला की मुलांना आनंद होतो. तो बहुतेकदा गळाला लावलेला गांडूळ असतो. पर्यायात 'स्वस्त' असेल तर खरं उत्तर देणारा बोलणारा 'विद्यार्थ्यांना परवडेल असं' म्हणतो. तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत ओळखणं हाच लिसनिंगचा आणि रीडिंगचाही निम्मा पेपर आहे.

रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. घरी मात्र सगळे पॉज करून, मागे नेऊन, खाली सबटायटल लावून सराव करतात आणि मग परीक्षेत गडबडतात. पहिल्या फेरीला मोबाइल हातात घ्यायचाच नाही. दुसऱ्या फेरीला हवं तितकं थांबा. एखादं उत्तर निसटलं तर त्याच्या मागे धावू नका. सगळे प्रश्न रेकॉर्डिंगच्या क्रमानेच येतात, पुढच्या प्रश्नावर जाऊन उभे राहा. माझ्याकडे भजनाला पखवाज वाजवणारा एक मुलगा होता. दर वेळी एक उत्तर सुटलं की पुढची तीन घालवायचा. त्याला विचारलं, एखादा बोल चुकला तर तू काय करतोस? म्हणाला, सोडून देतो आणि समेला येऊन मिळतो. मग इथे वेगळं काय? त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

उच्चारांची भीती मात्र उगाच वाढवून ठेवलेली आहे. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, सगळे आवाज येतात हे खरं. पण कांदोळीला मामाच्या गेस्ट हाऊसवर दोन सीझन काढलेला एक सामान्य मार्कांचा मुलगा लिसनिंगमध्ये वर्गातल्या हुशारांना मागे टाकून गेला. त्याने व्याकरणाचं पुस्तक उघडलंसुद्धा नसेल, पण 'वॉटर'मधला 'र' गिळणारे आणि 'कान्ट' म्हणणारे ब्रिटिश म्हातारे त्याने रोज ऐकले होते. ज्यांना मामा नाही त्यांनी बीबीसीवरच्या साध्या गप्पा रोज वीस मिनिटं ऐकाव्यात. बातम्या कमी, मुलाखती जास्त. बातम्या देणारी माणसं फारच शहाण्यासारखी बोलतात.

रीडिंग : माहीत आहे म्हणून चुकतं

अकॅडमिक रीडिंगमध्ये तीन लांब उतारे, मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. यात ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन हा प्रकार मुलांना सगळ्यात जास्त रडवतो. मी तो पणजीच्या ग्रंथालयावरून शिकवते. समजा उताऱ्यात एवढंच आहे: 'कृष्णदास शामा ग्रंथालयाची सुरुवात १८३२ मध्ये झाली. बरीच वर्षं ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. आता ते पाटोवरच्या नव्या इमारतीत आहे.'

आता तीन विधानं. 'ग्रंथालय एकोणिसाव्या शतकात सुरू झालं.' ट्रू, शब्द वेगळे, अर्थ तोच. 'ग्रंथालय सुरुवातीपासून पाटोवरच आहे.' फॉल्स, उतारा याच्या उलट सांगतो. 'हे गोव्यातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय आहे.' इथे अख्खा वर्ग ट्रू लिहितो. खरंच आहे ते! पण उताऱ्यात कुठे आहे? उत्तर नॉट गिव्हन. तुमची माहिती कितीही पक्की असो, ती चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. उलटं सांगणारी ओळ उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आली तरच फॉल्स. ओळ शोधत दोनतीन मिनिटं गेली आणि सापडली नाही, तर बहुधा ती नाहीच. नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला.

दुसरी चूक, शब्दाला शब्द मराठी करत वाचणं. एक अनोळखी शब्द आला की गाडी बंद. मराठीचा उपयोग करायचा तर शब्दावर नको, परिच्छेदावर करा. परिच्छेद वाचून झाला की मनात मराठीत एका ओळीत सांगायचं: 'इथे मधमाश्या कमी का झाल्या त्याचं कारण दिलंय.' ही ओळ जमली तर परिच्छेदांना मथळे जुळवायचा प्रश्न जवळपास सुटलाच. तो प्रश्न चुकतो कारण मुलं पहिलं वाक्य वाचून मथळा लावतात आणि लेखक तिसऱ्या वाक्यात 'हाउएव्हर' म्हणून पलटी खातो. सरावाला रोज सकाळी घरी येणाऱ्या इंग्रजी पेपरातला अग्रलेख पुरतो. मांडवीवरच्या कॅसिनोंवर नाहीतर खाणींवर काहीतरी असतंच. दर परिच्छेदाला एक मराठी ओळ लिहा.

वेळेचं गणित तिन्ही उताऱ्यांना वीस-वीस मिनिटं असं मांडू नका. तिसरा उतारा बहुधा सगळ्यांत जड असतो. पहिल्याला पंधरा, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला पंचवीस. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी ठेवू नका.

आणि परीक्षा कागदावर असेल तर होणारा हा नेहमीचा अपघात. लिसनिंगच्या शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला दहा मिनिटं मिळतात. रीडिंगला ती मिळत नाहीत. एका मुलाने पस्तीस उत्तरं प्रश्नपत्रिकेवर लिहून ठेवली आणि वेळ संपल्याची घोषणा झाली. बाहेर येऊन मला फोन केला, "टीचर, सोडयलें, पूण बरोवपाक वेळ मेळूंक ना." (सोडवलं, पण लिहायला वेळ मिळाला नाही.) रीडिंगमध्ये उत्तर सुचलं की लगेच उत्तरपत्रिकेवर. कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर हा धोका नाही, पण तिथे लिसनिंगनंतर दहा नव्हे, दोनच मिनिटं असतात, तीही तपासायला. शिवाय पडद्यावर डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न, अशी मांडणी डोळ्यांना नवीन वाटते. मोबाइलवर सराव करून ती सवय होत नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये निदान दोन पूर्ण पेपर द्या.

जाताना ज्या पासपोर्टवर नोंदणी केली तोच मूळ पासपोर्ट घ्या. आधार कार्ड किंवा झेरॉक्सवर आत सोडत नाहीत. हेडफोन लावल्यावर सुरुवातीला आवाज तपासून घेतात, तेव्हा लाजू नका. कमी वाटला, खरखर आली, तर हात तिथेच वर करायचा. पहिला भाग सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.