पायाच्या ऑपरेशननंतर नर्व्ह ब्लॉक घेतलाय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो, घोटा मोडला, प्लेट बसवली, आणि दुखू नये म्हणून नर्व्ह ब्लॉक दिला, म्हणजे नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन. थिएटरमधून बाहेर आलो तेव्हा पाय नुसता लाकडाचा ओंडका, दुखणं झीरो. मी आपला चहा-बिस्किट खात सगळ्यांना फोनवर सांगतोय, अहो काहीच दुखत नाही, उगाच घाबरलो. संध्याकाळी सिस्टर गोळ्या घेऊन आल्या तर म्हणलं राहू दे की. रात्री अडीचला जाग आली ती बोंबलतच.

हीच सगळ्यात मोठी चूक आणि बहुतेक सगळे हीच करतात. गुडघ्याच्या मागच्या खळगीत सोनोग्राफी बघत नसेच्या बाजूला बधिर करायचं औषध सोडतात, बुपिवाकेन नाहीतर रोपिवाकेन, ते साधारण १२ ते २४ तास चालतं, कधी थोडं जास्त. त्याने जखम काही बरी होत नाही, फक्त तिची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही. ब्लॉक उतरला की सगळं एकदम अंगावर येतं, आणि सकाळी ऑपरेशन झालं असेल तर ती वेळ नेमकी मध्यरात्रीची. म्हणून ब्लॉक किती वाजता दिला ते विचारून लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दुखत नसलं तरी वेळेवर घ्या, रात्रीच्या डोससाठी सरळ अलार्म लावा. बोटांना मुंग्या आल्या, ती थोडी हलायला लागली, की समजायचं आता उतरतोय.

आणि डोस चुकला म्हणून एकदम दोन-तीन गोळ्या मारायच्या नाहीत. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये (वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी), आणि ते कॉम्बिनेशनच्या पेनकिलरमध्ये आणि सर्दीच्या गोळीतही असतं, स्ट्रिप वाचा.

"ब्लॉक फेल गेला" असं पण लगेच म्हणू नका. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी सॅफेनस नावाच्या वेगळ्या नसेवर चालते, गुडघ्यामागच्या इंजेक्शनने ती बधिर होतच नाही, तिला वेगळं द्यावं लागतं. त्यामुळे फक्त आतली बाजू दुखत असेल तर तसंच सांगा, नुसतं दुखतंय दुखतंय करण्यापेक्षा भूलतज्ज्ञांना पटकन कळतं. उलटी गंमत म्हणजे पाठीतली भूल पण दिली असेल तर चांगला पाय काही तासांत हलायला लागतो आणि ऑपरेशनचा तसाच पडून, माझी बायको तर घाबरून रडायच्या बेतात होती. ब्लॉक चालू आहे, एवढंच.

बधिर पायाला शेकायची पिशवी नको, बर्फ पण डॉक्टरांना विचारून आणि मध्ये टॉवेल घालूनच. भाजलेलं कळतच नाही ना. आणि बाथरूमला एकट्याने उठायचं नाही, पाऊल लुळं असतं, वॉकर असला तरी सोबत माणूस पाहिजे.

प्लास्टरकडे मात्र नीट लक्ष ठेवा. घट्ट झालं तर एरवी दुखून कळतं, इथे कळेलच असं नाही. दर दोन-तीन तासांनी बोटं बघा, निळी-पांढरी, गार पडली किंवा खूप सुजली तर सकाळची वाट बघत बसू नका. गोळ्या वेळेवर घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, बोटं जरा ताणली तरी जीव जातो, तर तो ब्लॉक उतरल्याचा त्रास म्हणून सोडू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

शुगर असेल, पायाला आधीपासून मुंग्या येत असतील, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर हे ऑपरेशनच्या आधीच सांगायचं. शुगरवाल्यांचा ब्लॉक कधीकधी जास्त वेळ राहतो. पण ४८ तास उलटून गेले आणि तरी पाय बधिर किंवा पाऊल वर उचलत नाही, तर फोन करायचाच. त्यासाठी डिस्चार्जच्या वेळी भूलतज्ज्ञांचा नंबर मागून घ्या, कार्डावर बहुतेक वेळा फक्त सर्जनचाच असतो.