तारीख-वेळ दाखवताना या चुका टाळा

रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये तारीख-वेळ छापणारी ओळ दिसली की मी आधी तिथेच थांबतो. बाकी कोड कितीही नेटका असो, त्या ओळीत काहीतरी हमखास चुकलेलं सापडतं. बरं, चुकाही नव्या नसतात. भाषा बदलली, फ्रेमवर्क बदललं, माणसं बदलली, तरी त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

माणसासाठी छापलेला मजकूर यंत्राला वाचायला देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ‘८/१५/२०२४, ३:३० पीएम’ असं छापतो. दुसरा प्रोग्रॅम तोच मजकूर उचलतो, स्पेसवर तोडतो आणि वेळ काढून घेतो. चालतं. बरेच महिने चालतं, आणि म्हणूनच कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

एका प्रकल्पात हेच होतं. एक सर्व्हिस जावास्क्रिप्टच्या टूलोकेलस्ट्रिंगने अमेरिकी इंग्रजीत वेळ रिपोर्टमध्ये टाकायची आणि रात्री चालणारा जावाचा जॉब तो रिपोर्ट उघडून ती वेळ पार्स करायचा, म्हणजे मजकुरातून परत वेळ काढायचा. कोणीतरी सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती वाढवली आणि त्या रात्री जॉब आडवा झाला. लॉगमध्ये लिहिलेलं, ‘ही वेळ वाचता येत नाही’, आणि शेजारी छापलेली वेळ अगदी शहाण्यासारखी दिसणारी. तीच वेळ हाताने टाइप करून टेस्ट चालवली तर पास, लॉगमधून कॉपी करून चालवली तर फेल. संशय आधी टाइमझोनवर गेला, मग डेटाबेसवर, मग नेटवर्कवर. (नेटवर्कवर संशय घेतल्याशिवाय कुठल्याच टीमचं समाधान होत नाही.) शेवटी मी फाइल हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटचा आकडा दिसेल अशी, उघडली. ३:३० आणि पीएम यांच्या मध्ये साध्या स्पेसचा एकच बाइट असायला हवा, २०. तिथे तीन बाइट बसले होते: ई२, ८०, एएफ. ही युनिकोडमधली यू+२०२एफ, म्हणजे ओळ तुटू न देणारी अरुंद स्पेस. डोळ्याला फरक कळणं अशक्य.

ती आली कुठून? ब्राउझर, जावा, नोड, फोन या सगळ्यांची लोकेलची (म्हणजे कुठल्या भाषेत-देशात तारीख, वेळ, आकडे कसे लिहायचे त्याची) माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यातून येते. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सीएलडीआर ४२ने इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधी ही स्पेस घातली. छपाईच्या दृष्टीने ती योग्यच आहे. आयसीयू या लायब्ररीच्या ७२व्या आवृत्तीतून ती बऱ्याच ठिकाणी पोचली, जावाच्या २०व्या आवृत्तीत उतरली, क्रोम ११०मध्येही आली. तिथे इतका आरडाओरडा झाला की ब्राउझरवाल्यांना परत साधी स्पेस द्यावी लागली.

आता आमच्याकडचा ‘उपाय’ ऐका. एका उत्साही मुलाने ते अक्षर शोधून त्याजागी साधी स्पेस घालणारी एक ओळ टाकली आणि तिकीट बंद केलं. मी ते परत उघडलं. कारण उद्या दुसरं काहीतरी बदलणारच आहे. जावाच्या १६व्या आवृत्तीत ब्रिटिश इंग्रजीतल्या सप्टेंबरचं लघुरूप ‘सेप’चं ‘सेप्ट’ झालं. महिना तीन अक्षरांचाच असतो असं धरून चालणारे किती प्रोग्रॅम तेव्हा पडले असतील, कल्पना करा. सीएलडीआरची आवृत्ती वर्षातून दोनदा निघते आणि मजकुराचं रूप असंच राहील अशी हमी तिच्यात कोणी दिलेली नाही.

माझी सवय सांगतो. यंत्राकडून यंत्राकडे जाताना फक्त आयएसओ ८६०१ची मांडणी: २०२४-०८-१५, मग टी, मग १०:००:००, शेवटी झेड. लोकेलप्रमाणे मजकूर तयार होतो तो अगदी शेवटच्या पायरीवर, स्क्रीनवर जाताना. त्या मजकुराला व्हेरिएबलमध्ये सुद्धा मी फार वेळ राहू देत नाही.

मोठा वाय, मोठा डी

पॅटर्न (तारीख कशी छापायची ते सांगणारी अक्षरं) कुठूनतरी उचलून चिकटवणाऱ्यांची ही खास चूक. जावास्क्रिप्टच्या मोमेंट किंवा डेजेएस या लायब्रऱ्यांमध्ये वर्षासाठी मोठे चार वाय आणि दिवसासाठी मोठे दोन डी लिहितात, आणि तिथे ते बरोबर आहे. तोच पॅटर्न जावात नेला की अर्थ बदलतो. जावात लहान वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, मोठा वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष. लहान डी म्हणजे महिन्यातला दिवस, मोठा डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस.

मोठा डी निदान लवकर पकडला जातो, असं तुम्हाला वाटेल. पण कोड जानेवारीत लिहिला असेल तर महिनाभर सगळं बरोबर दिसतं आणि १ फेब्रुवारीला स्क्रीनवर ३२ तारीख उगवते.

मोठा वाय त्याहून धूर्त. वर्षभर गप्प असतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, अर्धी टीम सुट्टीवर असताना, तोंड वर काढतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता. तो आठवडा २०२५चा पहिला धरला जातो, म्हणून छापलं गेलं ३० डिसेंबर २०२५. वर आठवडा कधी सुरू होतो हे लोकेलवर ठरतं. अमेरिकी लोकेलमध्ये तो रविवारी सुरू होतो, त्यामुळे तिथे चूक २९ डिसेंबरलाच दिसते. जर्मन लोकेलमध्ये ३० तारखेपासून. २०२३चा डिसेंबर घेतला तर अमेरिकी लोकेलमध्ये फक्त ३१ डिसेंबर चुकतो आणि जर्मनमध्ये काहीच चुकत नाही. म्हणजे ‘माझ्याकडे तर बरोबर येतंय’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, आणि भांडण तिथेच अडकतं. आठवड्यांचे अहवाल बनवत नसाल तर मोठ्या वायला हातच लावू नका. मी तर नवीन प्रकल्पात पहिल्याच दिवशी त्यासाठी सगळा कोड शोधून काढतो.

याच घराण्यातल्या दोन चुका एका ओळीत: मोठा एम महिन्याचा, लहान एम मिनिटांचा, मोठा एच २४ तासांचा, लहान एच १२ तासांचा.

लोकेल न सांगता सोडणं

लोकेल दिलं नाही तर मशीनचं लोकेल लागतं. लॅपटॉपवर एक, सर्व्हरवर दुसरं, ग्राहकाच्या फोनवर तिसरं. एका मोबाइल ॲपमध्ये सर्व्हरला पाठवायची तारीख फोनच्या लोकेलने तयार होत होती. फोनची भाषा मराठी केली की २०२४ मधले आकडे देवनागरीत जायचे, कारण मराठीसाठी सीएलडीआरमध्ये देवनागरी अंक हेच मूळ आहेत. हिंदीसाठी तसं नाही, म्हणून हिंदीत तपासणाऱ्याला काहीच सापडलं नाही. इजिप्तच्या अरबीत अरबी लिपीतले अंक. थाई लोकेलमध्ये तर बौद्ध वर्ष: २०२४चं २५६७. डेटाबेसने तेही गुमान साठवून घेतलं.

यंत्रासाठीचा मजकूर असेल तर जावात लोकेल.रूट, सी शार्पमध्ये इन्व्हेरिअंट कल्चर, आयफोनवर ‘ईएन_यूएस_पोझिक्स’, असं स्पष्ट लिहा. माणसासाठी असेल तर त्या माणसाचं लोकेल स्पष्ट द्या. मराठी मजकुरात इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेलच्या नावापुढे ‘यू-एनयू-लॅटन’ हे शेपूट जोडता येतं. आकडे हाताने बदलत बसू नका.

सी शार्पवाल्यांनो, पॅटर्नमधली तिरकी रेघ म्हणजे तिरकी रेघ नव्हे. ती ‘या कल्चरचं (म्हणजे लोकेलचं) तारखेचं विभाजक चिन्ह’ असते, म्हणून जर्मनीत तिथे पूर्णविराम येतो. खरीच रेघ हवी तर तिला अवतरणात ठेवा.

तुकडे जोडून तारीख बनवणं

बारा महिन्यांची नावं एका ॲरेत, दिवस पुढे, वर्ष मागे, मध्ये स्वल्पविराम. असा कोड बघितला की मला तो लिहिणाऱ्याची घाई दिसते. जपानीत वर्ष आधी येतं, हंगेरियनमध्येही. रशियनमध्ये तर महिन्याचं रूपच बदलतं: सुटा मे महिना ‘माय’, पण पाच मे म्हणताना ‘माया’. सीएलडीआरच्या पॅटर्नमध्ये यासाठी मोठा एम आणि मोठा एल अशी दोन अक्षरं वेगळी ठेवली आहेत. तुमच्या ॲरेत ते कुठून येणार? काय दाखवायचं ते सांगा (वर्ष, महिन्याचं नाव, दिवस) आणि क्रम लायब्ररीवर सोडा. जावास्क्रिप्टमध्ये इंटलचा डेटटाइमफॉरमॅट हेच करतो.

किरकोळ, पण रोज भेटणाऱ्या

जावास्क्रिप्टमध्ये १२ तासांचं घड्याळ नको म्हणून ‘अवर१२’ला फॉल्स दिलं की मध्यरात्री काही ठिकाणी २४:०० दिसतं. ‘अवरसायकल’ला ‘एच२३’ द्या.

आजची तारीख हवी म्हणून टूआयएसओस्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापू नका. ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, तारीख असते. भारतीय वेळेत पहाटे साडेपाचपर्यंत ती कालची असते.

टाइमझोन ‘आयएसटी’ असा साठवू नका. भारत, आयर्लंड आणि इस्राएल, तिघांचाही तोच. ‘एशिया/कोलकाता’ लिहा.

पायथॉनमध्ये सेटलोकेल सगळ्या प्रोसेसला लागू होतं. वेब सर्व्हरवर एका विनंतीसाठी ते बदललं की बाकीच्यांच्याही तारखा बदलतात. बेबल ही लायब्ररी वापरा.

जावातला सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक ठेवून अनेक थ्रेडमधून वापरू नका. खरं तर वापरूच नका, डेटटाइमफॉरमॅटर आहे.

लोकेल दिलं तरी इंग्रजीच येतंय? नोड १३च्या आधी मूळ बांधणीत फक्त इंग्रजीचीच माहिती असायची, आणि एररही येत नसे.

टेस्ट

आजच्या तारखेवर टेस्ट लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ परत पाठवतो. माझ्या ठरलेल्या तारखा आहेत: २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२४, १ जानेवारी, १ फेब्रुवारी, सप्टेंबरमधला कुठलाही एक अंकी दिवस. वेळा तीन: मध्यरात्र, दुपारचे बारा, आणि यूटीसीत दिवस बदललेला असतो अशी एखादी. लोकेल अमेरिकी, जर्मन, रशियन, थाई, इजिप्तची अरबी आणि मराठी. आणि छापलेला अख्खा मजकूर अक्षर न अक्षर जुळवून बघू नका. वर्ष, महिना, दिवस त्यात आहेत का एवढंच बघा, नाहीतर पुढच्या सीएलडीआरला तुमच्या लाल टेस्ट तुम्हालाच हिरव्या करत बसाव्या लागतील.