चोक सोडताच बंद पडणारी मोटारसायकल
सुमारे 4 महिने घरी उभी असलेली माझी जुनी, कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) मोटारसायकल चोक ओढला की लगेच सुरू होई आणि चोक सोडताच बंद पडे. प्लग बदलून पाहिला. फरक पडला नाही. चोकमुळे मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते, तेव्हा त्याच्याविना इंजिन तग धरत नसेल तर पेट्रोलच कमी पोहोचत असावे, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आले. फ्लोट बाऊलमधील, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील, पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेल्या चिकट थराने पायलट जेटचे (इंजिन संथ चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पितळी भागाचे) केसासारखे बारीक छिद्र बुजले होते.

कार्ब्युरेटर साफ करताना, हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवणारा मिक्श्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने तळापर्यंत आवळून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवले (माझे 2 भरले), कारण ही नोंद नसेल तर पुढची सारी जुळवणी अंदाजाने करावी लागते. जेटमध्ये पोलादी तार खुपसण्याचा मोह मात्र आवरला, कारण मऊ पितळेचे छिद्र तिने रुंदावते. त्याऐवजी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, छिद्रातून उजेड आरपार दिसेपर्यंत कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत आलटून पालटून मारला. इंजिन आता चोकविना संथ, एका लयीत चालते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊलचा निचऱ्याचा स्क्रू उघडून त्यातील पेट्रोल मी आधीच काढून टाकतो.