लेकाच्या नाकाखालचे पिवळे खपले : माझा अनुभव

पावसाळ्यात लेकाला सर्दी झालेली, नाक पुसून पुसून लाल, आणि तिथेच दोन बारीक फोड आले. सासूबाई म्हणाल्या जर मुतलाय, म्हणजे तापाचे फोड आलेत, जाईल आपोआप. मीही घरात पडलेली खाजेची ट्यूब लावली, आणि तिथेच माती खाल्ली, कारण त्यात स्टिरॉइड होतं, त्याने इन्फेक्शन उलट वाढतं. दोन दिवसात फोड फुटून वरती खपली धरली, अगदी मध वाळल्यासारखी, सोनेरी पिवळी, काढली की खाली ओलं लाल, आणि हनुवटीवर नवीन तीन.

स्किनवाल्या डॉक्टरांनी लांबूनच बघून सांगितलं, इम्पेटिगो, बॅक्टेरियाचं इन्फेक्शन आहे, बहुतेक वेळा स्टॅफ नाहीतर स्ट्रेप नावाच्या बॅक्टेरियाचं. तापाचे फोड असले तर आधी चुरचुरतं, मग पाण्याचे बारीक फोड घोसाने येतात, तेही बहुतेक ओठाच्या कडेला. इथे मधाच्या रंगाची खपली हीच खूण. ट्यूब बंद केली, म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम दिलं, दिवसातून तीनदा पाच दिवस, पण आधी कोमट पाण्याच्या फडक्याने खपली भिजवून अलगद काढायची, नाहीतर मलम वरच्यावरच राहतं (हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं).

टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा, नखं बारीक कापली, फोड सुकेपर्यंत शाळा बंद, यावर लेक सगळ्यात खूश. तिसऱ्या दिवशी नवीन फोड यायचे थांबले. ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज, लाली दिसली तर लगेच या असं बजावलं होतं, ती वेळ आली नाही. डाग मात्र महिनाभर होता.