७००आर४ गिअरबॉक्सला लॉकअपचा स्विच कसा जोडायचा

जुन्या शेव्हीत (शेवरले गाडीत) कॉम्प्युटर नसताना ७००आर४, म्हणजे जीएमचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बसवला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकच होत नाही, म्हणजे आतला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडत नाही (यालाच लॉकअप म्हणतात), हायवेवर नुसता घसरत राहतो आणि तेल तापतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गरम तेलाइतकं वाईट काहीच नाही.

गिअरबॉक्सच्या ड्रायव्हरकडच्या बाजूला चार पिनांचा चौकोनी कनेक्टर असतो, त्यावर ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं असतात, पुसून नीट बघा. ए ला इग्निशनवरून १२ व्होल्ट द्यायचे, मध्ये फ्यूज हवाच. डी ची वायर डॅशबोर्डवरच्या टॉगल स्विचला आणि तिथून अर्थिंगला, बॉडीचा रंग खरवडून.

आता खरं महत्त्वाचं. ए ची वायर ब्रेक पेडलच्या स्विचमधून न्या, पण ब्रेक लाइटवाला नको, पाय ठेवल्यावर सप्लाय तोडणारा पाहिजे. नाहीतर लॉकअप चालू राहून सिग्नलला इंजिन गचकन बंद पडतं, क्लच न दाबता गाडी थांबवल्यासारखं.

चौथ्या गिअरला स्पीड स्थिर झाला की स्विच टाका, आरपीएमचा काटा थोडा खाली आला म्हणजे लॉक झालं. चढाला किंवा जोरात पळवताना आधी बंद करा, कन्व्हर्टरचा क्लच जळतो हो.