लेप की भाकस? चपटे मासे ओळखताना या चुका टाळा

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूवर पडलेल्या मासळीत चपटे मासे हमखास सापडतात. बघणारा त्यांना 'लेप' म्हणतो, गोव्यात 'लेपो', आणि पुढे जातो. कालवणापुरतं तेवढं पुरे. पण वहीत नोंद करायची असेल तर याच एका नावाखाली चार-पाच वेगळे मासे दडलेले असतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. तळाची वाळू किंवा चिखल जसा असेल, तसा हा मासा अंगाचा रंग बदलतो. बर्फात पडल्यावर तो आणखी वेगळा दिसतो. एकाच जाळ्यातले गडद आणि फिकट असे दोन लेप मी सुरुवातीला दोन जाती म्हणून लिहिले होते. रंग शेवटी बघा.

आधी शेपटी बघा. लेपाचा पाठीवरचा पर थेट डोक्यावरून सुरू होतो आणि पोटाखालच्या परासह शेपटीला मिळतो. छातीचे पर नसतातच. भाकस हाही चपटाच मासा, पण त्याची शेपटी सुटी असते, पाठीचा पर डोळ्यांच्या बराच मागून निघतो आणि तोंड उघडलंत तर अणकुचीदार दात दिसतात. लहान भाकस लेपात खपून जातो, तो इथे पकडता येतो.

मग डोळे. पिल्लाचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो. डोळ्यांची बाजू आपल्याकडे करून मासा उभा धरा. कल्ल्यांच्या लगेच मागे बोटाला मऊ लागतं ते पोट, ते खाली ठेवा. तोंड आपल्या डावीकडे आलं तर निमुळता, जिभेसारखा लेप. उजवीकडे आलं तर सोल कुळातला मासा, उदाहरणार्थ पट्टेरी झेब्रा सोल. भाकसाला मात्र ही कसोटी लावू नका, त्याचे डोळे कुठल्याही बाजूला असू शकतात.

लेपांमधले भेद ओळखताना बहुतेक जण मासा उलटून बघतच नाहीत. वरच्या बाजूला अंगभर गेलेल्या दोन बारीक रेषा सायनोग्लोसस अरेल आणि सायनोग्लोसस बायलिनिएटस या लेपाच्या दोन्ही जातींना असतात. खालच्या पांढऱ्या बाजूला बायलिनिएटसला आणखी दोन रेषा असतात, अरेलला एकही नसते. भिंगातून ओठही तपासा. ओठांना झालर दिसली तर तो पॅराप्लॅगुसिया, लेपांचाच एक वेगळा गट.

बाजारात घेताना मावशींना सोलायला देण्याआधीच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण कातडीबरोबर खवले आणि रेषा दोन्ही जातात. शेजारी पट्टी ठेवा आणि तिच्यावरचे आकडे फोटोत सरळ वाचता येतात ना ते बघा. आकडे उलटे दिसले तर फोटो आरशासारखा फिरलाय, म्हणजे डावे डोळे उजवे झालेत.