अंध परीक्षार्थी आणि संगणक सर्टिफिकेशन: परीक्षा घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनीही या चुका टाळा

माझ्या पहिल्या सर्टिफिकेशन परीक्षेला केंद्राने मला प्रश्न वाचून दाखवायला एक वाचक दिला होता. माणूस सज्जन, उच्चार स्वच्छ. लिनक्स या संगणक प्रणालीत टाइप करायच्या कमांडवरचा प्रश्न आला. त्यातले दोन पर्याय त्याने एकाच सुरात वाचले: ‘एल एस, मग बारीक रेघ, मग एल.’ मी विचारलं, शेवटचं ते एल आहे की एक आकडा? तो थांबला. म्हणाला, ‘दोन्हीकडे सारखंच दिसतंय हो.’

सारखंच दिसतं, पण सारखं नसतं. एल लावलं तर फाइलींची सविस्तर यादी मिळते, एक लावलं तर प्रत्येक ओळीवर फक्त एक नाव. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर असता तर बाण दाबत एकेक अक्षर ऐकून मला दोन सेकंदांत उत्तर कळलं असतं. मला लिनक्स येत होतं. ते येत नसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर माझा निकाल अवलंबून होता.

वाचक दिला की जबाबदारी संपली, असं समजणं

ही सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त होणारी चूक. गोष्टीचा उतारा असेल तर वाचक ठीक आहे. पण कोडमध्ये कंस कुठे बंद झाला, ओळ किती जागा सोडून सुरू झाली, अक्षर मोठ्या लिपीतलं की छोट्या, यांवर उत्तर ठरतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तर समासातल्या रिकाम्या जागेलाच अर्थ असतो, आणि रिकामी जागा मोठ्याने वाचायची कुणाला सवय नसते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ओळीचा समास बोलून किंवा सूर वाजवून सांगायची सोय आहे. आठ टिंबांच्या संगणकी ब्रेलमध्ये मोठं अक्षर सातव्या टिंबावरून बोटाला कळतं. ही साधनं ज्याच्या रोजच्या कामात आहेत, त्याच्याकडून परीक्षेच्या दिवशी ती काढून घेऊन एक अनोळखी माणूस शेजारी बसवणं ही सवलत कशी म्हणायची?

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. परीक्षा वकिलीची होती, पण मुद्दा हाच. कायद्याने अंध ठरलेल्या परीक्षार्थीने संगणकावर जॉज हा स्क्रीन रीडर आणि झूमटेक्स्ट हा अक्षरं मोठी करणारा प्रोग्राम मागितला. परीक्षा मंडळाने वाचक, ध्वनिमुद्रित प्रश्न, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका देऊ केली. २०११ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, अपील न्यायालयाने परीक्षार्थीची बाजू उचलून धरली. कसोटी अशी धरली की निकालात माणसाची पात्रता दिसावी, त्याचं अपंगत्व नाही, याची सर्वोत्तम खात्री देणारी व्यवस्था हवी. १९९० च्या तिथल्या अपंगत्व कायद्यात व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या परीक्षांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे संगणक सर्टिफिकेशन त्यातून सुटत नाही.

वाचक नकोच असं नाही. ज्याची दृष्टी नुकतीच गेली आहे आणि स्क्रीन रीडर अजून हाताला बसलेला नाही, त्याला वाचकच लागेल. पण मग तो त्या विषयातला हवा, आणि चिन्हं कशी वाचायची हे आधी ठरलेलं हवं.

ओढून टाकायचे प्रश्न आणि खोटं टर्मिनल

‘योग्य पोर्ट नंबर योग्य प्रोटोकॉलवर ओढून ठेवा.’ माउस न वापरणाऱ्यापुढे हा प्रश्न म्हणजे भिंत. दुरुस्ती अगदी सोपी: प्रत्येक प्रोटोकॉलपुढे पर्याय निवडायची एक यादीपेटी द्या. तपासलं जाणारं ज्ञान तेच राहतं.

इथे एक बारीक गोंधळ होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, ओढण्याच्या क्रियेला पर्याय द्या असा निकष आहे. काही जण तेवढा पूर्ण करून निर्धास्त होतात. पण तो निकष माउस किंवा बोट वापरणाऱ्यांसाठी आहे. ओढण्याऐवजी दोन क्लिक चालले तरी तो भागतो. अंध माणसाला लागणारा निकष कीबोर्डचा (सगळं कीबोर्डने करता यावं), आणि तो २००८ च्या आवृत्तीपासून पहिल्याच, म्हणजे किमान अटींच्या, पातळीवर आहे. दोन्ही वेगवेगळे तपासा.

सिम्युलेशनमधला, म्हणजे खऱ्या यंत्रणेची नक्कल करणाऱ्या प्रश्नांमधला, विनोद तर वेगळाच. कमांड लाइन, म्हणजे टर्मिनलमधली कमांड टाइप करायची जागा, हा निव्वळ मजकूर. आम्हा लोकांची ती आवडती जागा. खऱ्या राउटरवर (नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणावर) एसएसएचने दुरून शिरून काम करणारा अंध इंजिनिअर परीक्षेत अडतो, कारण परीक्षेतलं टर्मिनल हे कॅनव्हासवर रंगवलेलं टर्मिनलचं चित्र असतं. स्क्रीन रीडरला तिथे एक रिकामा चौकोन सापडतो. मूळचा मजकूर मेहनत घेऊन चित्रात बदलायचा आणि मग त्या चित्राचं वर्णन कसं करायचं यावर बैठका घ्यायच्या! त्यापेक्षा कमांड चालवणारं खरं शेल द्या. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या परीक्षा चालू यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करायला लावतात, म्हणजे ही कल्पना काही जगावेगळी नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला दृष्टिहीनांसाठी चाललेल्या, सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या अकादमीत अंध विद्यार्थी नेटवर्किंग शिकले आहेत. ‘त्यांना हे जमणारच नाही’ हा सबबीचा खुंटा केव्हाच उपटला गेलाय.

चित्राचा प्रश्न गाळून टाकणं

हे दयाबुद्धीने केलं जातं, म्हणून जास्त घातक. आकृत्यांचे सहा प्रश्न वगळले की कुणीतरी नंतर म्हणायला मोकळं होतं: याने सोपा पेपर दिला. आधी स्वतःला विचारा, हा प्रश्न नेमकं काय मोजतोय?

नेटवर्कची आकृती असेल तर ती जोडण्यांची यादी असते: कोणत्या राउटरचा कोणता इंटरफेस कुठे जोडलाय, त्याचा पत्ता काय. तक्ता करून द्या, काम झालं. तक्त्याला खरी शीर्षकं मात्र लावा, नाहीतर रकाना कोणता ते कळत नाही. ‘नेटवर्कची आकृती’ एवढंच पर्यायी वर्णन लिहिणं म्हणजे जेवणाच्या ताटाऐवजी ‘ताट’ असं लिहिलेली चिठ्ठी देणं. चाचणीच्या चित्राला पूर्ण वर्णन दिलं आणि त्याने उत्तरच फुटत असेल, तर नुसत्या ओळखीवर भागवायची मुभा डब्ल्यूसीएजीत आहे. तिचा आधार मात्र फार सैलपणे घेतला जातो. शंभरातल्या नव्वद आकृत्यांना ती लागू नाही असं माझं मत.

आणि केबलचा कनेक्टर ओळखायचा असेल तर? तो हातात द्या. नेटवर्कचा आरजे-४५ आणि टेलिफोनचा आरजे-११ यांमधला फरक बोटांना लगेच कळतो. कामावर असलेला अंध तंत्रज्ञ तो तसाच ओळखतो, फोटोवरून नाही.

सुरक्षेच्या नावाखाली स्क्रीन रीडरच अडवणं

परीक्षेचा सुरक्षित ब्राउझर बाकी सगळे प्रोग्राम बंद पाडतो. पडद्यावरचा मजकूर वाचणारा आणि कीबोर्डचे बटण मधेच पकडणारा प्रोग्राम त्याला चोरासारखा दिसतो. स्क्रीन रीडर नेमकं हेच दोन उद्योग करतो. परवानगीच्या यादीत तो आधीपासून नसेल तर परीक्षेच्या सकाळी काहीही करता येत नाही. घरून दिलेल्या परीक्षेत भर पडते: हेडफोन चालणार नाहीत, मजकूर ब्रेलमध्ये बोटांखाली उमटवणारा ब्रेल डिस्प्ले हे ‘अनोळखी उपकरण’, आणि कॅमेऱ्यावरची प्रणाली नजर पडद्यावर नाही म्हणून इशारे देत राहते. माझी नजर पडद्यावर असण्याचं कारणच काय? पर्यवेक्षकाला हे परीक्षार्थीने समजावायचं नसतं. नोंदणीसोबतच त्याच्या पडद्यावर आलेलं असायला हवं.

घड्याळाचंही तसंच. उरलेला वेळ दर सेकंदाला आपोआप बोलला जाईल अशी रचना केली की स्क्रीन रीडर प्रश्न सोडून सेकंद मोजत बसतो. वेळ मागितल्यावर सांगा, शेवटच्या दहा-पाच मिनिटांना एकदा सूचना द्या, बस.

जादा वेळेबद्दल एकच सांगतो: तो लागतोच, कारण लांबलचक प्रसंगात मागे-पुढे जायला डोळ्यांपेक्षा कानांना वेळ लागतो. पण जे बटण कीबोर्डने दाबताच येत नाही, ते दुप्पट वेळेतही दाबता येत नाही.

आता परीक्षा देणाऱ्यांच्या चुका

या मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे हक्काने लिहितो.

आधी जागा आरक्षित करून मग सवलतीचा अर्ज करू नका. मंजुरीला आठवडे लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी मंजुरीशिवाय केलेलं आरक्षण रद्द करून पुन्हा सगळं करावं लागतं. अर्जात ‘स्क्रीन रीडर हवा’ एवढंच लिहिलंत तर जो असेल तो मिळेल. नाव, आवृत्ती, आवाज, ब्रेल डिस्प्लेचं मॉडेल, विरामचिन्हांची पातळी, सगळं लिहा. विरामचिन्हांची पातळी, म्हणजे किती चिन्हं बोलून दाखवायची ते, विसरू नका: ती मूळ स्थितीत राहिली तर कित्येक चिन्हं गिळली जातात, आणि तुम्ही चुकीची कमांड बरोबर समजून बसता. आपल्या मांडणीचा एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरून चालतो; केंद्राची परवानगी आधी लेखी घ्या.

जॉज मागितला असेल तर त्याचा परवाना सक्रिय आहे का, हे विचाराच. परवाना नसलेला जॉज ४० मिनिटं चालतो आणि मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. परीक्षा ९० मिनिटांची असेल तर हिशोब तुम्हीच करा. परीक्षेच्या मध्यावर आवाज अचानक गेला तर घाबरून कुठलीही बटणं दाबू नका. हात वर करा, घड्याळ थांबवायला सांगा आणि घटनेची नोंद करून घ्या. नोंद नसेल तर नंतर दाद मागायला काही हाती राहत नाही.

सरावाचा नमुना पेपर त्याच सॉफ्टवेअरवर मागा. पीडीएफमधला नमुना काही कामाचा नाही.

आणि निकालाचा पडदाही त्या सरावात तपासायला सांगा. माझ्या दुसऱ्या परीक्षेत सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचं बटण दाबलं, आणि स्क्रीन रीडर म्हणाला, ‘ग्राफिक.’ विषयवार गुण रंगीत पट्ट्यांच्या चित्रात होते, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण तेही त्यातच. मग पर्यवेक्षकाला हाक मारून विचारावं लागलं: ‘जरा बघता का, पास झालोय का मी?’